कचरा ज्या हातात जातो

पुणे शहरात रोज दोन हजार टनांहून अधिक कचरा तयार होतो. हा आकडा भाषणांत, वर्तमानपत्रांत आणि भिंतीवरच्या फलकांवर इतक्या वेळा येऊन गेला आहे की तो ऐकून आता कोणी दचकत नाही. त्याच्याबरोबर सांगायची दुसरी गोष्ट मात्र क्वचितच सांगितली जाते. यातला फार मोठा भाग घरातून निघाल्यावर आधी एका माणसाच्या हातात पडतो. यंत्र, ट्रक, डेपो हे सगळे नंतर येते. आणि ते माणूस बहुतेक वेळा बाई असते. चार मजले चढून ती बादल्या खाली आणते, फाटकाशी बसून डबे उलटे करते आणि हाताने निवडत जाते. आपण ज्याला ‘कचऱ्याचा प्रश्न’ म्हणतो, तो तिच्या बोटांना रोज सकाळी भेटतो.

ही पुस्तिका त्या हातांपासून सुरू होते, म्हणून तिची प्रस्तावना लिहायला मी लगेच होकार दिला. पुण्यातल्या काही सोसायट्यांमधले रहिवासी आणि तिथे रोज कचरा गोळा करायला येणाऱ्या वेचक बाया, या दोघांनी मिळून ती तयार केली आहे. कचरा वेगळा कसा करायचा, ओल्याचे खत कसे करायचे, सुका माल कुठे जातो, सॅनिटरी कचरा कसा बांधायचा, सोसायटीच्या सभेत हा विषय कसा मांडायचा, अशी तिची सरळ साधी मांडणी आहे. तंत्राची माहिती देणारी पुस्तके आपल्याकडे पुष्कळ आहेत. गोळा करणारीने आणि देणाऱ्याने शेजारी बसून लिहिलेले काही मात्र माझ्या वाचनात नव्हते.

वाचकाच्या मनात एक प्रश्न येणारच. ओला-सुका वेगळा करा, हे तर आपण कधीपासून ऐकतो आहोत. केंद्र सरकारचे नियम 2000 साली आले, 2016 साली ते बदलून अधिक स्पष्ट झाले, घराघरांत हिरवे-निळे डबे पोचले. मग पुन्हा तेच का सांगायचे? माझे उत्तर असे आहे की सांगणाऱ्यांनी आजवर डब्याबद्दल सांगितले, डब्यापलीकडच्या माणसाबद्दल सांगितले नाही. जिथे कचरा कोपऱ्यावरच्या कुंडीत जातो, तिथे वर्गीकरण टिकत नाही. कुंडीला काही विचारता येत नाही आणि कुंडीही कोणाला काही विचारत नाही. जिथे रोज दारावर एक ओळखीचा चेहरा येतो, जिथे ‘ताई, काल पुन्हा काच निघाली बघा’ असे कोणीतरी तोंडावर सांगते, तिथे दोन-तीन महिन्यांत घरातली सवय बदलते. दंडाच्या पावत्यांपेक्षा हे बोलणे जास्त काम करते, असे माझे स्पष्ट मत आहे, आणि पुण्याचा गेल्या तीन दशकांचा अनुभव त्याला आधार देतो.

तो अनुभव थोडक्यात सांगितला पाहिजे, कारण नव्याने पुण्यात राहायला आलेल्यांना तो माहीत नसतो आणि जुन्यांपैकी अनेकांना आठवत नाही.

1990 च्या सुमारास एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या प्रौढ शिक्षण विभागातल्या कार्यकर्त्या कचरा वेचणाऱ्या मुलांना शिकवण्यासाठी वस्त्यांमध्ये जाऊ लागल्या. लक्ष्मी नारायण आणि पौर्णिमा चिकरमाने ही त्यांतली ठळक नावे. मुलांच्या आयांशी बोलताना त्यांच्या लक्षात आले की अक्षरांच्या आधी कामाचाच प्रश्न हाती घ्यावा लागेल. या बायांपैकी अनेकींची कुटुंबे 1972 च्या दुष्काळात गाव सोडून शहरात आलेली. बहुतेक दलित समाजातल्या, जमीन नाही, दुसरे काम कोणी देत नाही. पहाटे निघायचे, कुंडीत उतरायचे, कुत्री आणि डुकरे यांच्याशी झटत कागद, काच, पत्रा वेचायचा आणि भंगारवाला देईल तो भाव घ्यायचा. वरून चोरीचा संशय. मग या कार्यकर्त्या बायांबरोबर दारोदार गेल्या आणि रहिवाशांना विनंती केली: सुका कचरा कुंडीत टाकू नका, वेगळा ठेवून यांच्या हातात द्या. बायांना ओळखपत्रे दिली. काही घरांनी ऐकले. ज्या घरांनी ऐकले तिथल्या बायांचे कुंडीत उतरणे कमी झाले, कामाचे तास कमी झाले आणि कोरडा, स्वच्छ माल मिळाल्याने कमाई वाढली. सगळे शहर ज्याला पुढे ‘स्रोतावर वर्गीकरण’ म्हणू लागले, त्याची पुण्यातली सुरुवात ही अशी, पोटाच्या प्रश्नातून झालेली आहे.

ज्या घरांनी ऐकले त्याच भागात एका उद्योजकाने गाडी फिरवून घरोघरचा कचरा उचलायला सुरुवात केली तेव्हा या बायांचा घास जायची वेळ आली. त्यांनी विरोध केला. त्यातून एकेकट्या वस्तीचा प्रश्न शहराचा झाला आणि मे 1993 मध्ये डॉ. बाबा आढाव यांच्या पुढाकाराने पुण्यात कचरावेचकांचे अधिवेशन भरले. ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ उभी राहिली ती तिथे. बाबांनी हमालांची पंचायत त्याआधी कित्येक वर्षे बांधलेली होती. डोक्यावर ओझे वाहणारा माणूस कामगार आहे, हे ज्यांनी बाजारपेठेला मान्य करायला लावले, त्यांनीच कचरा वेचणारी बाईही कामगार आहे, असे म्हटले. महापालिकेने पुढे या संघटनेच्या ओळखपत्रांना मान्यता दिली, वेचकांना आरोग्य विम्याचे संरक्षण दिले. भारतातल्या महापालिकांमध्ये हे फार लवकर उचललेले पाऊल होते.

पुढचा टप्पा म्हणजे ‘स्वच्छ’ ही वेचकांच्याच मालकीची सहकारी संस्था. 2005 च्या आसपास प्रयोग झाले आणि 2008 मध्ये संस्थेचा महापालिकेशी करार झाला. वेचक घरोघर जाऊन कचरा घेणार, रहिवासी दरमहा ठरलेली रक्कम थेट तिला देणार, सुका माल निवडून विकायचा हक्क तिचा, आणि ओला कचरा व उरलेला भाग ती महापालिकेच्या गाडीपर्यंत पोचवणार. महापालिका पगार देत नाही. देखरेखीचा खर्च आणि साहित्य देते. पुढे करारांच्या मुदती संपल्या, मुदतवाढीवर काम रेटले गेले, वेचकांना महापालिकेच्या दारात बसावे लागले, नवे करार झाले. हा सगळा तपशील या पुस्तिकेत नाही, तो इथे वाढवतही नाही. तिच्या दृष्टीने महत्त्वाचे एवढेच की या व्यवस्थेत कचरा देणारा आणि घेणारी यांच्यामध्ये कोणी ठेकेदार नाही. पैसे हातात दिले जातात, तक्रार तोंडावर होते, आणि दोघांनाही एकमेकांची गरज असते.

आता याच शहराच्या दुसऱ्या टोकाकडे, सासवड रस्त्यावरच्या उरुळी देवाची आणि फुरसुंगीकडे वळू. अनेक वर्षे पुण्याचा कचरा या गावांच्या शिवारात, सुमारे 163 एकरांच्या डेपोवर पडत राहिला. आपण डबा रिकामा करतो तेव्हा तो संपत नाही, त्याचा फक्त पत्ता बदलतो, आणि इतकी वर्षे तो पत्ता या दोन गावांचा होता. विहिरींचे पाणी वापरण्याजोगे राहिले नाही, टँकर सुरू झाले. घोंघावणाऱ्या माशा, भटकी कुत्री, वारा फिरला की घरात येणारा वास. गावकऱ्यांनी अर्ज केले, मोर्चे काढले, 2014-15 च्या हिवाळ्यात गाड्या अडवल्या. एप्रिल 2017 मध्ये डेपोला आग लागली आणि त्यानंतर गावांनी तीन आठवडे कचऱ्याच्या गाड्या आत येऊ दिल्या नाहीत. त्या दिवसांत पुण्यात कोपऱ्याकोपऱ्यावर ढीग साचले आणि शहर वैतागले. उरुळी-फुरसुंगीच्या लोकांनी केले ते पर्यावरण वाचवण्याचेच काम होते, असे मला ठामपणे वाटते. एखाद्या टेकडीवर झाडे लावणारी मंडळी आपल्याला चटकन पर्यावरणप्रेमी वाटतात. आपल्या विहिरीसाठी रस्त्यावर बसणारा शेतकरीही त्याच रांगेत बसला पाहिजे.

आग का लागते, हे समजून घेण्यासारखे आहे. ओल्या कचऱ्यात निम्म्याहून अधिक पाणी असते. तो प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून, दगडमाती आणि कपड्यांच्या चिंध्यांसकट ढिगात दाबला गेला की आत हवा पोचत नाही. हवेवाचून कुजताना मिथेन तयार होतो आणि तो पेट घेतो. त्याच ढिगातून पावसाळ्यात काळे पाणी झिरपते आणि जमिनीखालच्या पाण्यात उतरते. तोच ओला कचरा सुटा, पाल्यात मिसळून, हवा लागेल असा ठेवला तर त्याची माती होते. पदार्थ तोच, फरक पडतो तो आपण गाठ मारली की नाही एवढ्याचा. मिश्र कचऱ्यावर मोठमोठे प्रकल्प उभारून पाहिले गेले. उरुळीतही 2010 च्या सुमारास असा एक प्रकल्प आला आणि तो अपेक्षेप्रमाणे चालला नाही. ओल्या चिखलात भिजलेले प्लास्टिक नीट जळत नाही, आणि काचा-प्लास्टिकने भरलेले खत कोणी शेतकरी घेत नाही. पुढे शहरभर बहुतेक 5 टन क्षमतेचे छोटे बायोगॅस प्रकल्प झाले. त्यांचेही दुखणे तेच: त्यांना निव्वळ ओला कचरा लागतो. कितीही महाग यंत्र आणले तरी त्याच्या तोंडाशी पोचणारा कचरा स्वयंपाकघरात ठरलेला असतो.

पुस्तिकेतला मला सर्वात आवडलेला भाग सुक्या मालाचा आहे. सोसायटीच्या फाटकाशी, पार्किंगच्या कोपऱ्यात निवडायला बसलेल्या बाईकडे आपण रोज पाहतो; ती काय करते ते मात्र पाहत नाही. समोर पाच-सहा पोती. पांढरा कागद वेगळा, वर्तमानपत्र वेगळे, पुठ्ठा वेगळा, कारण प्रत्येकाचा भाव वेगळा. प्लास्टिकचा तुकडा ती बोटांत दाबते, चुरगळते, आवाज ऐकते आणि तो कडक पोत्यात जाणार की मऊ, हे क्षणात ठरवते. पाण्याच्या बाटलीचे झाकण काढून निराळे टाकते, कारण बाटली एका जातीच्या प्लास्टिकची आणि झाकण दुसऱ्या. दुधाची पिशवी धुतलेली असेल तर चांगल्या भावात जाते. न धुतलेली दोन दिवसांत आंबते आणि शेजारचा कागदही नासवते. पिशवीचा कोपरा कापताना निघणारा छोटा त्रिकोणी तुकडा सुटा झाला की तो कोणाच्याच हाती लागत नाही, थेट मातीत किंवा नाल्यात जातो. म्हणून पिशवी कापताना तुकडा तोडू नका, लटकता राहू द्या, अशी सूचना बायांनी पुस्तिकेत घातली आहे. मी पर्यावरणावरचे अनेक अहवाल वाचले आहेत. इतकी नेमकी सूचना क्वचितच सापडली.

त्या पोत्यांच्या पलीकडे एक ढीग उरतो, ज्याला कोणी भाव देत नाही. वेफर्सची, बिस्किटांची, शाम्पूची चकचकीत पाकिटे. प्लास्टिकचे आणि धातूचे पातळ थर एकमेकांना चिकटवून ती बनतात, आणि ते थर पुन्हा सुटे करणे परवडत नाही. इथे रहिवाशांचा आणि वेचकांचा इलाज संपतो. महाराष्ट्राने मार्च 2018 मध्ये प्लास्टिकच्या अनेक वस्तूंवर बंदी घातली, 1 जुलै 2022 पासून देशभर काही एकदाच वापरायच्या वस्तू बंद झाल्या. पाकिटे मात्र या यादीत नाहीत. ती बाजारात आणणाऱ्याने परत घ्यावीत, हे कायद्यात लिहिलेले आहे आणि ते अमलात येण्यासाठी ओरडत राहिले पाहिजे. तोवर घरी आणायची ती पाकिटे कमी करणे एवढेच आपल्या हातात आहे, आणि पुस्तिका तेही संकोच न करता सांगते.

ओरडण्यावरून लाल ठिपक्याची गोष्ट सांगायला हवी. वापरलेले सॅनिटरी पॅड आणि मुलांचे डायपर सुक्या कचऱ्यात उघडे टाकले जातात आणि निवडताना थेट हातात येतात. यावर वर्षानुवर्षे बोलले जात नव्हते. देणाऱ्या घरात बोलायची लाज आणि घेणारीला बोलायची चोरी. ‘स्वच्छ’च्या बायांनी जुन्या वर्तमानपत्रांच्या पिशव्या करून विकायला सुरुवात केली. पुढे, कागदात गुंडाळा आणि वर लाल ठिपका काढा, म्हणजे आम्ही उघडणार नाही, असे घरोघर सांगितले. 2013 मध्ये तर त्यांनी वापरलेल्या पॅड आणि डायपरची पोती उत्पादक कंपन्यांकडे परत पाठवली: माल तुमचा आहे, त्याच्या विल्हेवाटीची सोयही तुम्ही करा. 2016 च्या नियमांत उत्पादकांनी अशा वस्तूंबरोबर गुंडाळायला पिशवी किंवा वेष्टन द्यावे, अशी तरतूद आली. शाळेत फारशा न गेलेल्या बायांनी दिल्लीच्या नियमांपर्यंत पोचवलेला हा मुद्दा आहे. ज्या घरात आजही पॅड उघडे टाकले जाते, त्या घराला याची माहिती नसावी, असे मी समजतो. या पुस्तिकेनंतर ती सबब राहणार नाही.

खताच्या प्रकरणाबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण सोसायट्यांतले बहुतेक प्रयत्न इथेच मोडतात. पहिला महिना उत्साहाचा असतो. दुसऱ्या महिन्यात वास येतो, पांढऱ्या अळ्या दिसतात, तळमजल्यावरचे कुटुंब तक्रार करते आणि पिंप झाकून ठेवले जाते. वास येतो तो ओलीमुळे. वरण, आमटी, ताक यांचे पाणी पिंपात गेले आणि कोरडा पाला कमी पडला की हवा कोंडते. उपाय एकच: ओल्याच्या प्रत्येक थरावर तेवढाच कोरड्या पानांचा थर आणि आठवड्यातून दोनदा खालवर करणे. सुरुवातीला थोडे शेण किंवा आंबट ताक विरजण म्हणून पुरते. बाजारातल्या महागड्या पुड्या लागतातच असे नाही. आणि त्या अळ्यांना घाबरू नका. त्या बहुधा काळ्या सैनिक माशीच्या असतात, अन्न भराभर फस्त करतात आणि ही माशी घरमाशीसारखी आपल्या ताटावर येऊन बसत नाही. पाला थोडा वाढवला की त्या आपोआप कमी होतात. अडीच-तीन महिन्यांनी हातात घेतलेल्या खताला पहिल्या पावसानंतरच्या मातीचा वास येतो. तो आला की खत झाले, दुसरी परीक्षा नको.

पाला आणायचा कुठून, हा प्रश्न पुण्यात विचारला जातो हेच खरे तर दुःख आहे, कारण फेब्रुवारी-मार्चमध्ये याच शहरात रस्त्याकडेला पानांचे ढीग जाळले जातात. धूर शेजाऱ्यांच्या फुप्फुसात जातो आणि खताच्या पिंपाला पाला मिळत नाही. काही नागरिकांनी पानांची देवाणघेवाण सुरू केली आहे: ज्याच्याकडे झाडे आहेत त्याने पोती भरून ठेवायची, ज्याच्याकडे खताचे पिंप आहे त्याने ती न्यायची. प्रत्येक पेठेत, प्रत्येक उपनगरात हे व्हायला हवे. गांडूळखत करणाऱ्या सोसायट्यांना महापालिका मिळकतकरात सवलत देते. ती मिळवण्याची रीत पुस्तिकेत दिली आहे, तिचा जरूर उपयोग करा. पण सवलतीसाठी पिंप आणून ते रिकामे ठेवू नका.

एका प्रकरणाने मला अस्वस्थ केले, आणि ते तसेच छापले याबद्दल मी संपादकांचा आभारी आहे. त्यात वेचक बायांनी सोसायट्यांबद्दल लिहिले आहे. काही इमारतींत त्यांना लिफ्ट वापरू देत नाहीत. सहा मजल्यांचा ओला कचरा खांद्यावर घेऊन त्या जिना उतरतात, आणि त्याच लिफ्टमधून कुत्र्याला फिरायला नेले जाते. काही ठिकाणी हात धुवायला नळ दाखवत नाहीत. निवडायला सावलीची जागा मागितली तर ‘घाण दिसते’ असे उत्तर मिळते. महिन्याचे पैसे मागायला चार-चार फेऱ्या मारायला लावणारी घरे आहेत. ही अस्पृश्यताच आहे. तिला दुसरे मवाळ नाव देण्याची माझी तयारी नाही. ज्या शहरात जोतिराव फुल्यांनी आपल्या घरातला पाण्याचा हौद सर्वांना खुला केला, त्या शहरात नळासाठी विनंती करावी लागू नये. आपला कचरा अस्पृश्य नाही, तो आपल्याच ताटातून आणि न्हाणीघरातून आलेला असतो. तो उचलणारी बाई तेवढी अस्पृश्य कशी होते, याचे उत्तर प्रत्येक सोसायटीने आपापल्या सभेत शोधावे.

गणेशोत्सवात एक वेगळे चित्र दिसते. विसर्जनाच्या दिवसांत नदीकाठच्या घाटांवर याच बाया आणि शाळा-कॉलेजची मुले निर्माल्य नदीत जाण्याआधी हातात घेतात. फुले, पत्री खताकडे जाते, थर्माकोल आणि प्लास्टिक बाजूला होते. भाविक मंडळी आदराने निर्माल्य त्यांच्या ओंजळीत देतात, कोणी हात आखडत नाही. दहा दिवस जे जमते ते उरलेल्या दिवसांत का जमू नये?

वाचकहो, ही पुस्तिका कपाटात ठेवू नका, ती स्वयंपाकघरात ओट्याजवळ टांगा. उद्यापासून तीन गोष्टी करा. फुटलेली काच आणि वापरलेले पॅड कागदात बांधून वर लाल ठिपका काढा. दुधाच्या पिशव्या धुऊन, वाळवून द्या. आणि सोसायटीच्या पुढच्या सभेत तीन विषय लेखी मांडा: वेचक ताईंना लिफ्ट, हात धुवायला नळ आणि निवडायला सावली. ठराव मंजूर झाला की त्याची प्रत फाटकावर लावा, म्हणजे ताईंनाही तो वाचता येईल.